तुमचा माणूस दोन्ही अ‍ॅडॉप्टर एकाच बोर्डात लावून गेला

लष्कर, ग्वाल्हेर
२४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरची जोडी न तपासता 'प्रॉडक्ट ओके' लिहून तक्रार बंद केल्याबद्दल

महोदय,

स. न. वि. वि. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण तुमच्या हेल्पलाइनवर तिसऱ्या खेपेला फोन उचलणारे गृहस्थ पुण्याचे निघाले आणि "काका, मराठीत लिहा, इथे वाचतात" असं त्यांनीच सांगितलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बाकीच्यांबद्दल आहे.

आमचं घर आजोबांच्या वेळचं, दगडी. भिंती दीड हात जाड, छतही दगडी पट्ट्यांचं. फायबरवाला रस्त्याकडच्या बैठकीत राउटर बसवून गेला, आणि माझं काम चालतं माडीवरच्या मागच्या खोलीत. व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्नं भरून देतो. बैठकीत १०० एमबीपीएस मिळतात. माडीवर वायफायची एक दांडी, तीही येऊन-जाऊन. जिन्यात रिपीटर लावून पाहिला. पण जिन्यातच सिग्नल अर्धमेला पोहोचतो, तो पुढे काय पाठवणार? केबल टाकायची तर तीन भिंती फोडायच्या. दोन वर्षांपूर्वी एसीच्या पाइपासाठी एकच भोक पाडलं, त्यात मिस्त्रीचे दोन बिट गेले आणि आईने दोन दिवस अबोला धरला. म्हणून ८ नोव्हेंबरला तुमची जोडी घेतली, ४,२९९ रुपयांना. एक अ‍ॅडॉप्टर राउटरपाशी, दुसरा माडीवर, मधली तार घरातली विजेचीच. खोक्यावर ठळक अक्षरांत '६०० एमबीपीएस' आणि 'प्लग लावा, सुरू करा'.

कल्पना मला पटली होती, अजूनही पटते. वीज ५० हर्ट्झची, तुमचा सिग्नल मेगाहर्ट्झमधला. एकाच तारेवरून दोघे जातात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. पण ती तार घरात कुठून कुठे जाते, हे कुणीतरी विचारायला हवं की नाही?

माडीवरच्या अ‍ॅडॉप्टरचा दिवा पहिल्या दिवसापासून लाल. स्पीड ३-४ एमबीपीएस. नळाला पाणी आलं आणि खाली टुल्लू पंप सुरू झाला की तोही शून्य. हेल्पलाइनला तीन फोन केले. पहिल्या दोघांचं उत्तर 'रीसेट करा'. इतक्यांदा केलं की शिवणाच्या डब्यातली टाचणी आता माझ्या टेबलावरच मुक्कामाला असते.

१८ तारखेला तुमचा तंत्रज्ञ आला. त्याने माडीवरचा अ‍ॅडॉप्टर काढला, खाली बैठकीत आणला आणि राउटरजवळच्या एक्स्टेंशन बोर्डात दुसऱ्याच्या शेजारी खोचला. मध्ये वीतभर अंतर. दोन्ही दिवे हिरवे! "ओके है सर." मी म्हटलं, अरे बाबा, मला इंटरनेट माडीवर हवंय, या बोर्डाच्या एका भोकातून दुसऱ्या भोकात नकोय. तो म्हणाला, माडीवर चालत नसेल तर घराची वायरिंग खराब, नवी केबल टाकून घ्या. जॉब शीटवर 'प्रॉडक्ट ओके', व्हिजिटचे ३५० रुपये, तक्रार बंद. केबल टाकायची नाही म्हणूनच तर ही वस्तू घेतली होती!

दोन दिवसांनी २० तारीख होती, रिटर्नं भरायची शेवटची. तुमच्याकडे कुणी जीएसटी भरत असेल तर वेगळं सांगायला नको. ओटीपी येईपर्यंत इकडे सेशन संपलेलं. शेवटी फोनच्या हॉटस्पॉटवर, गच्चीत खुर्ची टाकून रात्री साडेअकरापर्यंत रिटर्नं भरली. दोन राहिलीच. दिवसाला ५० रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम फार नाही, मी खिशातून दिली. पण त्या दोन व्यापाऱ्यांना फोन करताना जीभ जड झाली.

२२ तारखेला गीझरचा स्विच बदलायला आमचा वायरमन आला. लाल दिवा पाहून त्याने एकच प्रश्न विचारला: "ऊपर कौन सा फेज है?" आमचं मीटर थ्री-फेजचं, म्हणजे घरात वीज तीन वेगळ्या तारांवरून येते, त्यातली प्रत्येक एक फेज. खालचा मजला एका फेजवर, आणि माडीचं वायरिंग मागाहून झालेलं, ते दुसऱ्यावर. एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्यावर झिरपून जेमतेम पोहोचतो. त्यातून माडीवरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर, आणि अ‍ॅडॉप्टर मी काळजीपोटी स्पाइक बस्टरमध्ये लावलेला. स्पाइक बस्टर हा सिग्नलही गोंगाट समजून दाबून टाकतो, हे मला त्या दिवशी कळलं. वायरमनने लोड पाहून त्या खोलीचं सर्किट खालच्याच फेजवर घेतलं, एक प्लग इन्व्हर्टरमधून सोडवला आणि अ‍ॅडॉप्टर थेट भिंतीत लावला. पाऊण तास, ४०० रुपये. दिवा हिरवा, स्पीड ४८. पंप चालू असताना ३० च्या आसपास. माझं काम त्यात सहज होतं.

म्हणजे वस्तू खरंच ओके होती. मग माझ्याकडून दोन आठवडे रीसेट कशाला करवलेत? खोक्यावर, माहितीपत्रकात, हेल्पलाइनवर कुठेच 'फेज' हा शब्द नाही.

आणि ते ६००. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं आहे की केबलचा पोर्ट १०/१०० चा आहे. तारेवर काहीही धावो, पोर्टातून १०० च्या वर काही येणार नाही. टाकी ६०० लिटरची आणि तोटी अर्ध्या इंची. माझं कनेक्शनच १०० चं, त्यामुळे मला याची झळ नाही, हे कबूल करतो. पण ३०० चं कनेक्शन असलेला माणूस खोका पाहून हीच जोडी घेईल, त्याचं काय?

व्हिजिटचे ३५० आणि वायरमनचे ४०० मिळून ७५० रुपये परत करावेत. जॉब शीट दुरुस्त करून तपासणी माडीवर झालीच नव्हती हे त्यात लिहावं. फेज, इन्व्हर्टर आणि स्पाइक बस्टर यांबद्दलच्या सूचना खोक्यावर छापाव्यात, ६०० च्या शेजारी पोर्टाचा आकडाही त्याच टायपात द्यावा. लेट फी मागत नाही, ती माझी मी सोसली.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि मग इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो तिथे तक्रार करायची सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. बिल, जॉब शीट आणि एका बोर्डात शेजारी-शेजारी लावलेल्या दोन अ‍ॅडॉप्टरचा फोटो सोबत जोडला आहे. फोटो तुमच्या तंत्रज्ञानेच काढून मला पाठवला होता, पुरावा म्हणून.

आपला,
(सही)