रापलेल्या रंगाची लाज कशाला?

महोदय,

गेल्या रविवारी दाढी करायला सलूनमध्ये गेलो होतो. शेजारच्या खुर्चीत बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, तोंडाला डी-टॅनचा लेप. ‘स्थळं बघणं चाललंय, जरा तरी उजळ दिसलो पाहिजे,’ असं तो कारागिराला सांगत होता. मान आणि मनगटं उन्हानं रापलेली. शेतात राबणारं पोर! फार वाईट वाटलं.

पुरुषांनी नटू नये, असं मी मुळीच म्हणत नाही. माझे आजोबा रोज आरशासमोर उभं राहून मिशीला पीळ द्यायचे, फेटा मनासारखा बसेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडून बांधायचे. पण रंगाची लाज त्यांना कधी वाटली नाही. ही लाज अलीकडे पद्धतशीर पेरली गेली. पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ क्रीम २००५ मध्ये आलं. पुढे खुद्द शाहरुख खान त्याची जाहिरात करू लागला. दिल्लीतल्या एका ग्राहकानं २०१३ मध्ये ते ७९ रुपयांना घेतलं, गोरेपण काही आलं नाही, म्हणून दाद मागितली. तिथल्या ग्राहक मंचानं डिसेंबर २०२४ मध्ये जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड केला. निकाल लागेपर्यंत अकरा वर्षं गेली. तेवढ्यात एक अख्खी पिढी वयात आली.

पण कंपन्यांना तरी किती बोलणार? आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मवर ‘वर्ण’ हा रकाना अजून असतो. मंडळांनी तो यंदापासून काढून टाकावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा