शुल्टे नावामागची बाई

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

कोणी आभार मानू लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्या सासरच्या माणसांना त्यांचंच आडनाव तुम्ही उलगडून दाखवलंत. त्यासाठी किती संध्याकाळी त्या जुन्या नोंदींवर डोळे ताणलेत, ते मी पाहिलंय.

जर्मनीत शुल्टे पायलीला पन्नास. त्याचाच भाऊबंद शुल्त्स तर देशातल्या पहिल्या दहा आडनावांत बसतो. पूर्वेकडच्या जुन्या श्लेसिया प्रांतात शोल्त्स, पश्चिमेकडच्या वेस्टफालियात शुल्टे, आणि सगळ्यांचं मूळ शुल्टहाइस. ‘शुल्ट’ म्हणजे देणं आणि ‘हाइसेन’ म्हणजे फर्मावणं. रयतेकडून धन्याचं देणं वसूल करणारा, वेळप्रसंगी तंटे सोडवणारा हा गावचा अधिकारी. तुम्ही सासऱ्यांना सरळ सांगितलंत, “आमच्याकडे याला पाटील म्हणतात.” पूर्वेकडे, एल्बे नदीपलीकडे, बाराव्या शतकापासून नवी गावं वसली. तिथे वस्ती करायला माणसं गोळा करून आणणाऱ्यालाच बहुधा हे पद वंशपरंपरेने मिळे. त्याबरोबर करमाफीची जमीन, कधी खानावळीचा किंवा गिरणीचा हक्कही. वतनच ते. पुढे शिकलेल्यांनी या नावाला लॅटिन साज चढवला. संगीतकार मिखाएल प्रेटोरिउस हा असाच मुळचा शुल्टहाइसांचा मुलगा, हे तुमच्याकडून कळल्यापासून नाताळात त्याच्या रचना लागल्या की सासरे घरातलं कोणी गातंय अशा थाटात ऐकतात.

पण आमचे शुल्टे वेस्टफालियातल्या म्युन्स्टरलांडचे, आणि तिथली रीत वेगळी. तिथे शुल्टे म्हणजे धन्याच्या मुख्य वाडीवरचा शेतकरी, आजूबाजूच्या शेतांचा सारा गोळा करणारा. जमीन धन्याची, कसायचा हक्क घराकडे, आणि नाव त्या वाडीचं. वाडीवर जो येईल तो शुल्टे! घरजावई आला की त्याचं बापाकडून आलेलं नाव मागे पडे आणि वाडीचं नाव त्याला चिकटे. कागदावर मग दोन्ही नावं, मधे ‘गेनान्ट’, म्हणजे ‘ऊर्फ’.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांची ठाम समजूत होती की शुल्टे नाव बापाकडून मुलाकडे अखंड चालत आलंय. म्युन्स्टर धर्मप्रांताची चर्चची दफ्तरं आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात, पण पाहता येणं आणि वाचता येणं यात फार अंतर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी कुरंट नावाच्या जुन्या जर्मन हस्तलिपीत. तिच्यात ‘ए’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखेच, आणि ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या आकडीवरून. शिकलेले जर्मनही तिथे हात टेकतात, कारण 1941 साली ही लिपी शाळांतून काढून टाकली गेली. तुम्ही मात्र कॉलेजात असताना मोडी शिकलेले. हात न उचलता लिहिणाऱ्या कारकुनाची घाई तुम्हाला ओळखीची होती. तुम्ही आधी त्या पाद्र्याची सही वाचलीत, मग तारखा, मग महिने, आणि त्यातून त्याच्या अक्षरांचा तक्ता तयार केलात. तो तक्ता आजही माझ्या टेबलासमोर लावलेला आहे.

त्याआधीच्या, अठराव्या शतकातल्या नोंदी लॅटिनमध्ये. तिथे ती बाई सापडली. वाडीवरची मुलगी, भाऊ नाही. तिच्या पहिल्या लग्नात नवऱ्याचं नाव वेगळंच आहे आणि पुढे ‘व्हुल्गो शुल्टे’, म्हणजे लोक ज्याला शुल्टे म्हणतात तो. काही वर्षांनी तिचं दुसरं लग्न. तिच्या नावापुढे ‘व्हिदुआ’ असं लिहिलेलं होतं आणि तुम्ही कोश न उघडता “विधवा” म्हणालात. दुसरा नवरा आणखी तिसऱ्याच नावाचा, आणि तोही त्या वाडीवर येऊन शुल्टे झाला. आजचे सगळे शुल्टे या दुसऱ्या लग्नाचे. म्हणजे दोन पुरुषांनी नाव बदललं आणि ते टिकवलं एका बाईने.

सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलल्या त्या सासूबाई. त्यांचं लग्न झालं तेव्हा कायद्याने कुटुंबाचं आडनाव नवऱ्याचंच असे; फार तर बायकोने आपलं जुनं नाव जोडीला लावायचं. बायकोचं नाव घेण्याची मुभा 1976 मध्ये आली, आणि जोडप्याचं एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच नाव लागायचं हा नियम घटना न्यायालयाने 1991 मध्ये रद्द केला. स्वतःचं नाव सोडल्याची सल सासूबाईंनी कधी बोलून दाखवली नव्हती. त्या दिवशी त्यांनी तुमच्या हातातला कागद घेतला आणि त्या बाईचं नाव मोठ्याने वाचलं.

मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही म्हणून या घरात कधी कधी कुजबुज व्हायची. ती आता थांबली आहे. पण त्याहून मोठं काम तुम्ही केलंत. 1874 च्या ऑक्टोबरात प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि नाव वाडीचं न राहता माणसाचं झालं. वाडी न मिळालेला धाकटा मुलगा रूर भागातल्या कोळशाच्या खाणीत गेला, तो हेच नाव घेऊन. सासऱ्यांचे आजोबा त्याच्याच वंशातले. नाव घेऊन निघालेल्या त्या खाणकामगाराचा या घरात कुणाला पत्ताच नव्हता. आता त्याची जन्मनोंद आणि मृत्युनोंद, दोन्हींच्या प्रती सासऱ्यांनी जपून ठेवल्या आहेत.

सासऱ्यांचा निरोप आहे: त्या दुसऱ्या नवऱ्याचं मूळ गाव शेजारच्या पॅरिशमध्ये, म्हणजे शेजारच्या चर्चच्या हद्दीत, असावं असा तुमचा अंदाज होता, त्या दफ्तराच्या पानांच्या प्रती त्यांनी छापून ठेवल्या आहेत. दिवाळीच्या फराळाला काकूंना घेऊन याच, आणि भिंग आणायला विसरू नका.

तुमची,
शुल्ट्यांची सून