अव्याला, गॉलवेहून

गॉलवे, रविवार रात्र

प्रिय अव्या,

वहिनींचा फोन आला होता. काय म्हणाल्या ते शेवटी सांगतो. आधी तुझ्या जुन्या टोमण्याचं उत्तर. "एवढी वर्षं तिथं राहून तिथलं वाचलंस काय?" वाचलं बाबा. नाइट ड्युटीला पेशंट झोपले की दोनेक तास मिळतात. त्यात इथल्या, म्हणजे आयर्लंडच्या, वीरकथा वाचून काढल्या, त्या संपल्यावर आइसलंडच्या सागा, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथा.

मला वाटलं होतं, तलवारी आणि रक्ताचे पाट. ते आहेतच, आणि खरं सांगायचं तर ती पानं मी भराभर उलटली. अडकलो ते घरातल्या गोष्टींवर.

'तॉन बो कूलन्या' ही इथली सगळ्यात मोठी वीरगाथा, गुरं पळवण्याची. सुरू कुठं होते? अंथरुणात. पश्चिमेकडच्या कॉनक्ट प्रांताची राणी मेव आणि तिचा नवरा आलिल उशीला डोकं टेकून वाद घालतात, धन कुणाचं जास्त. नुसतं बोलून थांबत नाहीत, घरातल्या बादल्या, पिंपं, लोखंडी हंडे बाहेर आणून मोजतात. मग दागिने, कपडे, मेंढ्या, घोडी, डुकरं. सगळं बरोबरीत सुटतं, फक्त नवऱ्याकडं पांढऱ्या शिंगांचा एक वळू जास्त निघतो. तो जन्मला मेवच्याच कळपात, पण बाईच्या दावणीला राहणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून राजाच्या कळपात गेलेला! झालं, मेवला आता उत्तरेच्या अल्स्टर प्रांतातला तपकिरी वळू हवाच. आधी रीतसर वर्षभरासाठी मागते, मालक हो म्हणतो, आणि रात्री तिची माणसं दारू पिऊन बरळतात की नसता दिला तर हिसकावून नेला असता. बोलणी फिसकटली, सैन्य निघालं.

गुरांवरून लढाई हे आपल्याला काही नवं नाही. विराटपर्वात गोग्रहण आहेच, आणि तुमच्या देवळामागच्या ज्या वीरगळावर आपण दप्तरं टाकायचो, त्यावरही गाईच होत्या. हंडे मोजणं मात्र नवीन.

अल्स्टरचे योद्धे शापानं आडवे झालेले, म्हणून कू खुलिन नावाचा दाढी न फुटलेला पोरगा एकटा नदीच्या उतारावर, पाण्यातून चालत पलीकडं जायच्या जागी, उभा राहून एकेकाशी लढतो. शेवटी मेव त्याच्यासमोर फेरदियाला पाठवते. दोघं एकाच गुरूकडं शिकलेले, आणि गुरू म्हणजे स्कॉहाख नावाची बाई. दिवसभर एकमेकांना फोडून काढायचं आणि संध्याकाळी गळाभेट. कू खुलिन आपल्या औषधी पाल्यातला निम्मा पलीकडं पाठवतो, फेरदिया आपल्या जेवणातलं निम्मं अलीकडं. घोडी एका कुरणात, सारथी एका शेकोटीपाशी. तिसऱ्या रात्री हे सगळं बंद होतं. चौथ्या दिवशी फेरदिया पडतो आणि कू खुलिन त्याला उचलून उताराच्या आपल्या बाजूला आणतो. लाउथ परगण्यात आर्डी गाव आहे, त्याच्या आयरिश नावाचा अर्थच फेरदियाचा उतार.

आणि वळू? शेवटी दोघंही झुंजतात, दोघंही मरतात. बसा मोजत.

१२व्या शतकात ही कथा उतरवणाऱ्या एका लेखनिकानं शेवटी आयरिशमध्ये आशीर्वाद लिहिलाय, जो ही कथा जशीच्या तशी ध्यानात ठेवील त्याच्यासाठी. त्याच्याखाली लॅटिनमध्ये म्हणतो, यातल्या काही गोष्टींवर माझा विश्वास नाही, काही सैतानाची करणी, काही कवींच्या कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. सगळं हातानं लिहून झाल्यावर! मला तुमचे अण्णाच आठवले. कीर्तनाला पहिले जाऊन बसायचे आणि घरी येऊन बुवांची बिनपाण्यानं करायचे.

आता आइसलंड. न्यालच्या सागेतला गुन्नर घरात एकटा सापडतो, शत्रू छपरापर्यंत आलेले, धनुष्याची दोरी तुटलेली. बायकोला, हालगेर्दला म्हणतो, केसांच्या दोन बटा दे, दोरी वळून घेतो. "त्यावर काही अडलंय का?" "माझा जीव." मग ती त्याला एका थपडेची आठवण करून देते. दुष्काळात तिनं गुलामाला पाठवून दुसऱ्याच्या घरून चीज आणि लोणी चोरवलं होतं, तेव्हा मारलेली. "परत मागणार नाही," म्हणतो आणि तसाच लढत मरतो. मी दोन दिवस हालगेर्दवर चिडलो होतो. आता तेवढा नाही.

आणि दुसऱ्या एका सागेतला एगिल. कवी, अतिशय कुरूप, लहानपणापासून खुनशी. म्हातारपणी त्याचा लाडका मुलगा बोद्वर वादळात बोटीसकट बुडाला. एगिलनं आपल्या बापाची समाधी उकरून पोराला शेजारी ठेवलं, घरी आला, खोलीला कडी लावली. अन्न नाही, पाणी नाही. बोलायची कुणाची छाती नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं लेकीला, थोरगेर्दला, बोलावणं धाडलं. पोरगी अंगणातच मोठ्यानं म्हणाली, मी जेवले नाही, आता फ्रेया देवीच्या घरीच, म्हणजे मेल्यावरच, जेवीन. "बाबा, दार उघडा, दोघं एकाच वाटेनं जाऊ." आत जाऊन दुसऱ्या पलंगावर पडली. जरा वेळानं एगिल विचारतो, काय चघळतेस? "सोल. समुद्रातलं शेवाळ. यानं तब्येत आणखी बिघडेल, नाहीतर फार दिवस जगायची." दे मलाही, म्हणाला. मग दोघांना तहान लागली. तिनं पाणी मागवलं. एगिलनं प्यायचं शिंग तोंडाला लावून घटाघट प्यायलं, आणि ती म्हणाली, "फसवलं आपल्याला, हे दूध आहे." त्यानं शिंगाचा लचका तोडला! मग ती म्हणते, आता उपास मोडलाच आहे, तर भावावर कविता करा, मी काठीवर कोरून घेते, मग हवं तर मरू. तो करायला लागला. पंचवीसेक कडवी झाली. तोवर उठून बसायची ताकद आली होती. पुढं जाऊन आपल्या जागेवर बसला.

वहिनी म्हणाल्या, अण्णा गेल्यापासून हे दुकानातून येतात आणि माडीवर दार लावून बसतात. हाक मारली तर भूक नाही म्हणतात.

सोलला इथं डिलिस्क म्हणतात, वाळवून पाकिटात विकतात. जांभळट काळं, चामड्यासारखं. आधी नुसतं मीठ लागतं. मी काल मूठभर चघळलं. तहान खरोखर लागते, दोन तांबे पाणी प्यालो. एक पाकीट सोबत पाठवतोय. दुधाचं वहिनींना वेगळं कळवलंय.

तुझा,
नंद्या