मागून मारणाऱ्याला कायदा कधी विचारणार? न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. न्यायमंत्री,
कॅनडा सरकार, ओटावा

महोदय,

स. न. वि. वि.

इंग्रजी पत्र वेगळं पाठवलं आहे. हे मराठीत लिहितोय, कारण ब्रॅम्प्टन-मिसिसागात आपली मराठी मुलंही आता आइस हॉकीच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) उतरतात आणि त्यांच्या आईबापांना हे कळायला हवं.

माझा मुलगा ज्या हॉकी लीगमध्ये खेळतो, तिचा निकाल परवा हातात आला. शिटी वाजून खेळ थांबल्यावर ज्याने माझ्या मुलाला मागून हाणलं, त्याला मोजक्या सामन्यांची बंदी. कारण काय, तर माझ्या मुलाने आधी त्यांच्या कॅप्टनला धडक दिली होती. ती धडक नियमात बसणारी होती, पंचांनी शिटीसुद्धा मारली नव्हती. पोलिसांकडे गेलो तर ते म्हणाले, हॉकीत असं चालतंच.

चालतं? माझा सोळा वर्षांचा मुलगा पडदे ओढून अंधारात पडून असतो. फ्रिजची घरघर त्याला सहन होत नाही. गणिताचं एकच उदाहरण तो पुन्हा पुन्हा वाचतो आणि वही मिटून टाकतो. साताऱ्याहून आजीचा व्हिडिओ कॉल आला की आधी तिला आवाज कमी करायला सांगावं लागतं. ती विचारते, "मारणाऱ्याच्या घरचे येऊन गेले का रे?" कोणी आलेलं नाही. हंगामाआधी कन्कशनचं (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेचं) माहितीपत्रक वाचल्याची आमची सही मात्र घेतात. ऑन्टारिओ प्रांताच्या 2018 च्या 'रोवन्स लॉ' या कायद्याने ते बंधनकारक केलं आणि ते चांगलंच झालं. पण मार खाणाऱ्याने काय काळजी घ्यायची ते सगळं लिहिलंय, मारणाऱ्याचं काय?

मुलं हे कुठून शिकतात ते तुम्हाला ठाऊक आहे. 16 फेब्रुवारी 2004 ला एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये कोलोराडो संघाच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हर संघाचा कॅप्टन मार्कस नॅसलंड याला धडक दिली. पंचांनी पेनल्टी दिली नाही, लीगनेही शिक्षा केली नाही. मग 8 मार्चला व्हँकुव्हरच्या रिंकवर त्यांचाच खेळाडू टॉड बर्टुझी मूरच्या मागे लागला, त्याची जर्सी धरली, मागून ठोसा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. त्या रात्री पहिल्याच पीरियडमध्ये मूर व्हँकुव्हरच्या मॅट कुकशी हातघाईची लढत देऊन मोकळा झाला होता. म्हणजे धडक देणाऱ्याने समोरासमोर लढून मोकळं व्हायचं, या यांच्याच अलिखित नियमाने हिशेब चुकता झाला होता! मूर पुन्हा कधी एनएचएलमध्ये खेळला नाही.

आणि बर्टुझी? वीस सामने बाहेर, पाच लाख डॉलरच्या आसपास पगार बुडाला. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, तरी मिळालं काय, तर सशर्त मुक्तता, वर्षभराची देखरेख आणि ऐंशी तास समाजसेवा. अटी पाळल्या की गुन्ह्याची नोंदही राहत नाही. 2006 च्या ऑलिंपिकला तोच माणूस कॅनडाची जर्सी घालून उतरला. कोणाला लाज वाटली नाही?

मूरने दिवाणी दावा लावला तेव्हा बर्टुझीने आपले कोच मार्क क्रॉफर्ड यांनाच दाव्यात ओढलं. क्रॉफर्ड म्हणाले, मी त्याला बेंचवर परत बोलावत होतो, त्याने ऐकलं नाही. खेळाडू कोचकडे बोट दाखवतो, कोच खेळाडूकडे. शेवटी 2014 साली तडजोड झाली, रक्कम गुप्त. ठोसा ज्या हाताने मारला तो हात एकाच माणसाचा होता, हे पूर्ण सुनावणीत कोणी ठरवलंच नाही.

त्याआधी 2000 साली एनएचएलच्याच सामन्यात मार्टी मॅक्सॉर्लीने समोरच्या संघातल्या डोनाल्ड ब्रॅशिअरच्या डोक्यात स्टिक घातली. कोर्टाने दोषी ठरवलं आणि वर पुन्हा सशर्त मुक्तताच. तुमच्याच सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये जोबिडन खटल्यात सांगितलंय की मारामारीला संमती होती म्हणून मुद्दाम केलेली गंभीर इजा माफ होत नाही. मग हा निकाल रिंकच्या दारात का अडतो? दुकानाबाहेर माझ्या मुलाने कोणाला असं मागून मारलं असतं तर पोलिस त्याच रात्री आमच्या दारात आले असते. आम्ही नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पाठ केलं की कायद्यापेक्षा मोठा कोणी नाही. त्याच पुस्तिकेत हॉकीचं कौतुकही वाचलं. 1994 साली संसदेने कायदा करून हॉकीला राष्ट्रीय हिवाळी खेळ केलं. खेळावर कायदा करता येतो, खेळातल्या गुन्ह्यावर करता येत नाही?

पोलिस आणि सरकारी वकील हा प्रांताचा विषय आहे, असं तुम्ही म्हणाल. फौजदारी संहिता ओटावाची आहे, साहेब. खेळ थांबल्यावर किंवा मागून, सूड म्हणून केलेल्या हल्ल्याला खेळातली संमती लागू नाही, हे तिच्यात स्पष्ट लिहा. अशा गुन्ह्यात सशर्त मुक्ततेची वाट बंद करा. बेंचवरून ज्याने चिथावलं त्यालाही आरोपी करा, पण त्याच्याआड मारणाऱ्याला लपू देऊ नका.

आणि उत्तर तुमच्या स्वतःच्या सहीचं पाठवा.

आपला,
ब्रॅम्प्टनमधला एक बाप