बेल स्टारची कपोलकल्पित कीर्ती

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या बेल स्टारला पुरुष मारत सुटलेली ‘दरोडेखोरांची राणी’ केलंय. कोर्टात मात्र तिच्यावर शाबीत झाला तो घोडाचोरीचा गुन्हा. १८८३ साली फोर्ट स्मिथला न्यायाधीश पार्करपुढे ती आणि नवरा सॅम दोघेही दोषी ठरले. बाईने डेट्रॉईटच्या तुरुंगात नऊ महिने काढले. मिसुरीतल्या खानावळवाल्याची ही लेक, पियानो शिकलेली. मखमली झगा, कमरेला पिस्तूल आणि घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं. थाट बघा! १८८९ च्या फेब्रुवारीत घरी परतताना कुणीतरी तिला गोळ्या घातल्या. खुनी शेवटपर्यंत ठरला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कला एक स्वस्त पुस्तिका निघाली आणि ‘राणी’ जन्माला आली. आपला लेख तिथलाच उष्टा.

लेखकाने तिला आमच्या गोव्यातल्या सत्तरीच्या राणे बंडखोरांच्या पंक्तीला बसवलं, हे तर फारच झालं. दीपाजी राणेंनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेतला तो पोर्तुगीज सत्तेविरुद्ध. बेलबाईंनी शेजाऱ्याचा घोडा पळवला.

दुरुस्ती छापावी. राशिभविष्याखाली जागा असतेच.

एक निवृत्त शिक्षिका, वाळपई