चर्चमध्ये आपल्या कलाकारांना जागा कधी?

संपादक महोदय,
आमच्या वसईत एका चर्चचं रिनोव्हेशन झालं, नवीन मूर्ती कॅटलॉग बघून फायबरच्या मागवल्या, निळे डोळे, गुलाबी गाल. आणि गावातला आर्ट स्कूल शिकलेला पोरगा, ज्यानं लाल लुगड्यातली मारिया, म्हणजे येशूची आई, सागवानात कोरलीय, पदराची चुणी न चुणी दिसते, त्याला बोलावणं फक्त डिसेंबरात, नाताळचा गोठा रंगवायला, तेही सेवा म्हणून फुकट! फार वाईट वाटतं हो.

बरं, वरून मनाई आहे म्हणावं तर तसंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 1963 सालीच लिहून ठेवलंय की आजच्या काळातल्या, सगळ्या देशांतल्या कलेला चर्चमध्ये मोकळा वाव द्या, उपासनेचा मान राखून अर्थातच. 1964 ला पोप पॉल सहावे यांनी व्हॅटिकनच्या सिस्टाईन चॅपेलमध्ये कलाकारांना बोलावून चक्क माफी मागितली, 2023 ला पोप फ्रान्सिसही तिथंच कलाकारांना भेटले.

आपल्याकडे मात्र गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आले, साडीतली मारिया रंगवली, तर गोव्यातल्याच लोकांनी इतका विरोध केला की गोवा सोडून पुण्यातल्या आश्रमात राहिले. 1967 ला ते गेले, आज त्यांच्याच चित्रांची प्रदर्शनं भरतात.

फादर लोकांना आणि पॅरिश कौन्सिलला (गावच्या चर्चच्या समितीला) कळकळीची विनंती, पुढची ऑर्डर देण्याआधी गावातल्या कलाकारांकडून स्केच मागवा, रविवारी मिसानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) लोकांना दाखवा, आणि मोबदला आधी ठरवून द्या.

– एक वाचक, वसई