मोबाईल नंबर पोर्ट होतो, मग हिशोबाची वही का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत औषधांचा स्टॉकिस्ट आहे, म्हणजे कंपन्यांकडून माल घ्यायचा आणि मेडिकलवाल्यांना द्यायचा. सध्या जो येतो तो सांगतो की क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर जा, मोबाईलवर सगळा धंदा दिसतो. दिसतो, खरंय. पण एकदा आत गेल्यावर बाहेर कसं पडायचं ते कोणी सांगत नाही, आणि मला ते गेल्या वर्षी चांगलंच कळलं म्हणून हे पत्र.

सहा वर्षं आम्ही एक ऑनलाईन बिलिंग सॉफ्टवेअर वापरलं, नाव लिहीत नाही. सुरुवातीला वर्षाला 14 हजार होते, मग 22 झाले, मग प्रत्येक युजरचे वेगळे, आणि शेवटी 41 हजारांचं कोटेशन आलं तेव्हा म्हटलं बास. दुसरं सॉफ्टवेअर बघितलं, डेमो आवडला, ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो आणि मग जुन्यावाल्यांना फोन केला की आमचा डेटा द्या. ते म्हणाले, "साहेब, रिपोर्टमध्ये जाऊन एक्सपोर्ट दाबा की, तुमचाच डेटा आहे." दाबलं, तर पीडीएफ आली. आता पीडीएफचं काय लोणचं घालायचं? नवीन सॉफ्टवेअरमध्ये ती चढत नाही. बरीच भांडाभांडी झाल्यावर एक सीएसव्ही, म्हणजे नुसत्या रांगा-कॉलमची साधी फाईल मिळाली, ती आमच्या अकाउंट्स बघणाऱ्या ताईंनी एक्सेलमध्ये उघडली, सेव्ह केली आणि नव्यात टाकली.

आमच्या धंद्यात बॅच नंबर म्हणजे सगळं काही. एका गोळीची बॅच होती 4E07, एक्सेलने तो आकडा समजून (4 आणि पुढे सात शून्यं) त्याचे चार कोटी केले. ज्या बॅच नंबरच्या सुरुवातीला शून्यं होती ती शून्यं उडाली. एक्सपायरी मार्च 27 होती, ती काही ठिकाणी 27 मार्च झाली, आणि तेव्हा मे महिना चालू होता, म्हणजे 2027 पर्यंत चांगला असलेला माल स्क्रीनवर एक्सपायर दिसायला लागला. पोरगा गोडाऊनमधून ओरडतोय माल आहे, काउंटरवरचा म्हणतोय बिल होत नाही. आठवडाभर रात्री अकरापर्यंत बसून स्ट्रिप हातात घेऊन एकेक बॅच परत टाईप केली.

उधारीचं तर विचारूच नका. बिलवाईज हिशोब आलाच नाही, प्रत्येक पार्टीची नुसती क्लोजिंग बाकी आली. आता मिरजेच्या एका मेडिकलवाल्याकडून 38 हजार येणं आहे एवढं मला दिसतं, पण कुठल्या बिलाचे ते दिसत नाही. तो म्हणतो फेब्रुवारीचं बिल मी दिलंय, तुम्ही दाखवा. काय दाखवू?

यात चूक माझी पण आहे, ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं असतं तरी कायद्याचा आधार काय होता? मोबाईलचं बघा, 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो, 1900 ला मेसेज केला की कोड येतो आणि कंपनीला नंबर सोडावा लागतो. त्याच्या आधी लोक नुसत्या नंबरसाठी वाईट नेटवर्क सहन करत होते. आमची सॉफ्टवेअरवाली गत आज तीच आहे.

डेटा प्रायव्हसीचा कायदा आलाय ना, असं मला एकाने सांगितलं म्हणून सीएंना विचारलं आणि स्वतः पण वाचलं. 2019 च्या विधेयकात आपला डेटा एकीकडून दुसरीकडे न्यायचा हक्क होता. ते विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतलं आणि 2023 चा जो कायदा झाला, ज्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, त्यात तो हक्क गाळलाय. माहिती बघायचा, दुरुस्त करायचा, पुसायला सांगायचा हक्क आहे, घेऊन जायचा नाही. आणि असता तरी मला काय उपयोग, तो माणसाच्या वैयक्तिक माहितीचा कायदा, माझं स्टॉक रजिस्टर त्यात कुठे बसतं?

युरोपात हे दोन टप्प्यांत झालं. 2018 मध्ये जीडीपीआर हा त्यांचा वैयक्तिक माहितीचा कायदा लागू झाला, त्यात पोर्टेबिलिटी, म्हणजे डेटा घेऊन जायचा हक्क होता, पण तीही माणसांपुरतीच. मग त्यांनी डेटा ॲक्ट केला, तो 12 सप्टेंबर 2025 पासून लागू आहे, आणि त्यात धंदेवाला गिऱ्हाईक सुद्धा धरलाय. क्लाउड किंवा ऑनलाईन सॉफ्टवेअर देणाऱ्याला करारातच लिहावं लागतं की कुठला कुठला डेटा बाहेर काढता येईल. नोटीस जास्तीत जास्त दोन महिन्यांची, त्यानंतर साधारण 30 दिवसांत गिऱ्हाईक दुसरीकडे हलवून द्यायचं, तांत्रिक अडचण असेल तर मुदत वाढते पण कारण द्यावं लागतं, आणि त्यानंतरही किमान 30 दिवस डेटा काढून घ्यायची सोय ठेवायची. 12 जानेवारी 2027 पासून तर सोडून जाण्याचे पैसेच घ्यायचे नाहीत. मला नव्यावाल्यांनी डेटा चढवायचे 35 हजार लावले आणि जुन्यावाल्यांनी डेटा काढून द्यायचे 15, ते आठवून हे वाचताना जरा पोटात दुखलं.

याचा परिणाम लागू व्हायच्या आधीच दिसला होता. 2024 च्या जानेवारीत गुगल क्लाउडने आणि मार्चमध्ये ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने सोडून जाणाऱ्यांचा डेटा बाहेर नेण्याचा चार्ज बंद केला, तोही नुसत्या युरोपवाल्यांसाठी नाही. पण तो फायदा त्यांचे सर्व्हर थेट भाड्याने घेणाऱ्यांना, माझ्यासारख्याचं सॉफ्टवेअर तसल्याच सर्व्हरवर बसलेलं असतं आणि अडवणूक वरचा मजला, म्हणजे सॉफ्टवेअरवाला करतो. शिवाय युरोपातही सगळं गोडगोड नाहीये, तीन वर्षांचा करार मधेच मोडला तर दंड घेणं त्या कायद्याने बंद केलेलं नाही. छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांवर बोजा पडतो म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये युरोपियन कमिशनने स्वतःच त्यांना थोडी सवलत द्यायचा प्रस्ताव मांडला. ते मला पटतं पण, पुण्यात पाच पोरांनी चालवलेल्या कंपनीला आणि बड्या कंपनीला एकच काठी नको. पण सरळ वाचता येईल अशी फाईल आणि त्यातल्या कॉलमचा अर्थ सांगणारं एक पान द्यायला काय मोठी फॅक्टरी लागते?

आपल्याकडे गंमत अशी की सरकार आपल्याकडून रेकॉर्ड ठेवायला लावतं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून 72 महिने. माझ्या मेव्हण्याची कुपवाड एमआयडीसीत प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्याला तर 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉगवालं सॉफ्टवेअर सक्तीचं, म्हणजे कोणी कधी कुठली एंट्री बदलली त्याची नोंद, आणि ती आठ वर्षं सांभाळायची. तो सॉफ्टवेअर बदलायला निघाला तर एंट्र्या येतात म्हणे, लॉग येत नाही. मग जबाबदारी आमच्यावर आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असं कसं चालेल? ज्या सरकारने एडिट लॉग सक्तीचा केला त्याने त्याच नियमात "गिऱ्हाईक सोडून जाताना पूर्ण डेटा, बिलवाईज आणि बॅचवाईज, वाचता येईल अशा फाईलमध्ये द्यायचा" एवढी ओळ घातली तरी पुष्कळ. ती होईपर्यंत आमच्या जिल्ह्यातल्या असोसिएशनने तरी एक ठरावीक कलम तयार करून द्यावं, जे प्रत्येकजण करारात टाकू शकेल. एकटा दुकानदार मागतो तेव्हा सेल्समन हसतो.

हसतो म्हणजे खरंच हसतो. गेल्या महिन्यात दुकानाच्या हजेरी-पगारासाठी तिघांना बोलावलं होतं, डेमोच्या आधी सांगितलं की दोन खोट्या कामगारांची माहिती टाका आणि ती पूर्ण बाहेर काढून दाखवा. एक म्हणाला, "शेठ, लग्नाआधीच घटस्फोट कशाला काढताय?" दुसरा ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला, अजून सांगतोच आहे. तिसऱ्याने चहा संपायच्या आत फाईल उघडून दाखवली, तो 3 हजारांनी महाग होता, त्याला दिलं.

बाकी ते जुनं बिलिंग सॉफ्टवेअर मी अजून बंद केलेलं नाही, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर आहे, एका युजरचा सगळ्यात स्वस्त प्लॅन. नोटीस आली तर सहा वर्षांची बिलं दाखवायची कुठून? जूनमध्ये रिन्यूअल आहे, भरणार.

आपला,
एक औषध स्टॉकिस्ट, सांगली